पीकॉल लावूनही लुआ अख्खा प्रोग्रॅम का पाडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी++ मध्ये लिहिलेल्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लुआ ५.४ ही छोटी स्क्रिप्टिंग भाषा बसवली आहे. सवलतींचे नियम ग्राहकाकडचीच माणसे छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहितात. नियमात काही चुकले तर बहुतेक वेळा नीट संदेश मिळतो, पण अधूनमधून 'पॅनिक: अनप्रोटेक्टेड एरर इन कॉल टू लुआ एपीआय' एवढे छापून सगळा प्रोग्रॅमच बंद पडतो. प्रत्येक नियम तर लुआ_पीकॉलनेच, म्हणजे आतली चूक झेलणाऱ्या कॉलनेच, चालवला जातो. मग हे येते कुठून, आणि सगळ्याला बाहेरून ट्राय-कॅच गुंडाळले तर भागेल का?

ट्राय-कॅचने भागणार नाही. त्या ठिकाणी एक्सेप्शन (सी++ मधला फेकता-झेलता येणारा चुकीचा इशारा) फेकलेच जात नाही, तर कॅच झेलणार काय?

लुआचा गाभा साध्या सी मध्ये लिहिलेला आहे. १९९३ मध्ये रिओ दी जानेरोच्या पॉंटिफिकल कॅथलिक विद्यापीठात ही भाषा जन्मली ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसण्यासाठीच. सी मध्ये एक्सेप्शन नसतात, म्हणून चुकीसाठी सेटजम्प आणि लॉंगजम्प ही जोडी वापरली गेली. पीकॉल आत शिरताना एक खूण करून ठेवते. आत कुठेही चूक झाली की लुआ थेट शेवटच्या खुणेवर उडी मारते, आणि मधली सगळी फंक्शने, तुमची असोत की लुआची, न विचारता गायब होतात. खूणच केलेली नसेल तर उडी मारायला जागा नसते. मग लुआ पॅनिक फंक्शन बोलावते, आणि ते परत आले की सरळ अबॉर्ट. लुआएल_न्यूस्टेट वापरून स्टेट (लुआची एक चालती प्रत) बनवली असेल तर तो संदेश छापणारे पॅनिक फंक्शन तिनेच बसवलेले असते. लुआ सी++ म्हणून कंपाइल केली तरी खूण नसताना वाट हीच.

म्हणजे तुमची चूक पीकॉलच्या आत झालेली नाही. 'पीकॉल लावला आहे' असे कोणी म्हटले की मी आधी त्या पीकॉलच्या वरच्या चार-पाच ओळी मागून घेतो. तिथे साधारण हेच असते: लुआ_गेटग्लोबलने नियमाचे फंक्शन शोधणे, टेबल तयार करणे, ग्राहकाचे नाव पुशस्ट्रिंगने स्टॅकवर (सी++ आणि लुआ ज्यातून मूल्ये देतात-घेतात त्या चळतीवर) चढवणे, सेटफील्डने टेबल भरणे, आणि मग पीकॉल. खाली पुन्हा निकालाचे टेबल उलगडणे. हे सगळे बिनसंरक्षणाचे आहे. यातला गेटग्लोबल सर्वांत निरुपद्रवी दिसतो, कारण नाव सापडले नाही तर निल मिळेल अशी आपली समजूत असते. पण ग्लोबल टेबलावर मेटाटेबल (टेबलाचे वागणे बदलणारे जोड-टेबल) बसवता येते. न जाहीर केलेले नाव वाचले की एरर द्यायची, अशी कडक सोय अनेक जण स्क्रिप्टच्या सुरुवातीला करतात आणि ती सवय चांगलीच आहे. मात्र तसे केल्यावर तुम्ही सी++ मधून नसलेला नियम शोधलात की निल मिळत नाही, एरर उडते. संरक्षण नाही, म्हणून पॅनिक. 'अधूनमधून' होते ते यामुळे असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. ज्या ग्राहकांच्या स्क्रिप्टमध्ये हा कडकपणा आहे आणि ज्यांचा एखादा नियम गाळलेला आहे, त्यांच्याकडेच प्रोग्रॅम पडत असेल. नोंदी तपासून पाहा.

कोणते एपीआय फंक्शन (बाहेरच्या प्रोग्रॅमने बोलवायचे लुआचे फंक्शन) उडी मारू शकते हे अंदाजाने ठरवू नका. लुआच्या अधिकृत नियमावलीत प्रत्येक फंक्शनच्या उजवीकडे चौकटी कंसात तीन गोष्टी दिलेल्या असतात. पहिल्या दोन स्टॅकवरून किती काढले आणि किती चढवले ते सांगतात, तिसरी खूण चुकीची. तिथे आडवी रेघ असेल तर ते फंक्शन कधीच एरर देत नाही. 'एम' असेल तर फक्त मेमरी कमी पडल्याची एरर येऊ शकते. 'व्ही' म्हणजे कोणत्या एरर येतील ते खाली मजकुरात लिहिले आहे, आणि 'ई' म्हणजे आत कोणताही लुआ कोड चालू शकतो, तेव्हा काहीही येऊ शकते. गेटग्लोबल, गेटफील्ड, सेटफील्ड हे 'ई'. पुशस्ट्रिंग, टेबल बनवणे, यूजरडेटा (सी++ च्या वस्तूसाठी लुआने राखलेली मेमरी) बनवणे हे 'एम'. टूस्ट्रिंगसुद्धा 'एम' आहे, कारण स्टॅकवर आकडा असेल तर ती त्याची जागच्या जागी स्ट्रिंग करते आणि त्याला मेमरी लागते. नियमावलीचा हा स्तंभ बहुतेकांनी कधी वाचलेलाच नसतो.

'एम'कडे दुर्लक्ष करायचा मोह होतो. मेमरी संपली तर तसेही सगळे मरणारच, असा युक्तिवाद असतो. पण परक्या माणसाच्या स्क्रिप्टला तुम्ही मेमरीची मर्यादा घालणारच आहात, निदान घालायला हवी. ती घातली की मेमरी संपणे ही नेहमीची घटना होते आणि प्रत्येक पुशस्ट्रिंग ही उडीची जागा होते.

आता उपाय. होस्टमधून, म्हणजे तुमच्या सी++ प्रोग्रॅममधून, लुआमध्ये जाण्याचा एकच नाका ठेवा आणि दुसरीकडून कोणालाही आत जाऊ देऊ नका. नाक्यावरचे फंक्शन फक्त रेघेच्या खुणेची कामे करते. चेकस्टॅकने जागा आहे का पाहते (ती एरर देत नाही, नकार परत करते), संदेश हाताळणारे फंक्शन चढवते, मग पुशसीफंक्शनने एक सी फंक्शन चढवते, पुशलाइटयूजरडेटाने तुमच्या स्ट्रक्चरचा पत्ता चढवते, आणि पीकॉल करते. ५.२ पासून पुढे अपव्हॅल्यू (सोबत बांधलेली मूल्ये) नसलेले सी फंक्शन चढवायला मेमरी लागत नाही, त्यामुळे या यादीतले काहीच उडू शकत नाही. ५.१ वर असाल तर याच कामासाठी लुआ_सीपीकॉल होती. नियम शोधणे, टेबल भरणे, नियम चालवणे, निकाल वाचणे ही सगळी कामे त्या आतल्या सी फंक्शनमध्ये जातात. निकाल त्याने तुमच्या स्ट्रक्चरमध्ये लिहायचा. पीकॉल परत आली की बाहेर फक्त स्टेटस पाहायचे, चूक असेल तर संदेश उचलायचा, आणि लुआ_सेटटॉपने स्टॅक होता तिथे आणून ठेवायचा. हे शेवटचे काम विसरले तर दर चुकीला एक संदेश स्टॅकवर साचत राहतो, आणि काही हजार चुकांनंतर भलत्याच ठिकाणी काहीतरी तुटते.

आतले फंक्शन लिहिताना मात्र एक पथ्य आहे, आणि तेच उलट्या दिशेलाही, म्हणजे लुआ तुमचे सी++ फंक्शन बोलावते तेव्हा लागू होते. खरे नुकसान या दिशेला होते. पॅनिक निदान ओरडून मरते.

समजा, स्क्रिप्टला ग्राहकाची थकबाकी विचारता यावी म्हणून तुम्ही एक फंक्शन दिले आहे. त्यात पहिल्या ओळीत म्युटेक्सचा (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाचा) लॉक-गार्ड, दुसऱ्या ओळीत लुआएल_चेकस्ट्रिंग. स्क्रिप्टने चुकून स्ट्रिंगऐवजी टेबल दिले. चेकस्ट्रिंग एरर देते, लॉंगजम्प होतो, आणि लॉक-गार्डचा डिस्ट्रक्टर (वस्तू संपताना कुलूप सोडणारा तिचा कोड) चालतच नाही. पीकॉल छान संदेश देते, नोंदीत 'अमुक आर्ग्युमेंट चुकीचे' असे दिसते, सगळे समाधानी. पुढच्या बिलाला तेच म्युटेक्स मागितले जाते आणि प्रोग्रॅम जिथल्या तिथे थिजतो. क्रॅश नाही, संदेश नाही. ज्या नियमामुळे हे झाले तो नियम कधीच संपलेला असतो, म्हणून शोधणारा भलत्याच नियमाकडे बघत बसतो. शिवाय डिस्ट्रक्टर असलेल्या वस्तू ओलांडून लॉंगजम्प मारणे हे सी++ च्या मानकानुसार अनिर्धारित वर्तन आहे. म्हणजे 'थोडी मेमरी गळेल, चालवून घेऊ' असाही हिशेब मांडता येत नाही.

म्हणून लुआला दिलेल्या प्रत्येक फंक्शनचे मी तीन टप्पे करतो: घेणे, करणे, देणे.

घेण्याच्या टप्प्यात आर्ग्युमेंट तपासायची. इथे लुआ कधीही उडी मारू शकते, म्हणून या टप्प्यात आकडे आणि नुसते पॉइंटर एवढेच ठेवायचे. स्टडस्ट्रिंग नाही, व्हेक्टर नाही, लॉक नाही. चेकएलस्ट्रिंगने दिलेला पॉइंटर ती स्ट्रिंग स्टॅकवर आहे तोपर्यंत जिवंत असतो, तेवढे पुरते.

करण्याच्या टप्प्यात स्वतंत्र महिरपी कंस, त्यात ट्राय, आणि आत तुमचे नेहमीचे सी++. लॉक घ्या, व्हेक्टर भरा, डेटाबेसला विचारा. एकच बंधन: या कंसात लुआचे एकही फंक्शन बोलवायचे नाही. सी म्हणून कंपाइल केलेल्या लुआच्या फ्रेममधून सी++ चे एक्सेप्शन बाहेर जाऊ देणे हेही तितकेच घातक, त्यामुळे शेवटी तीन ठिपक्यांचा कॅच हवाच. कॅचमध्ये संदेश लुआच्या स्टॅकवर चढवू नका. पुशस्ट्रिंगलाच मेमरी कमी पडली तर कॅचच्या आतून उडी जाईल आणि एक्सेप्शनची वस्तू लटकत राहील. आधी जाहीर केलेल्या २५६ बाइटांच्या साध्या कॅरॅक्टर ॲरेमध्ये मजकूर उतरवा, एक झेंडा लावा आणि कंसाबाहेर या.

देण्याच्या टप्प्यात झेंडा पाहायचा. लागलेला असेल तर लुआएल_एरर, नाहीतर निकाल चढवून परत. आता मागे डिस्ट्रक्टर असलेली कोणतीही वस्तू उरलेली नाही, त्यामुळे लुआने खुशाल उडी मारावी.

आकडा परत करायचा असेल तर हे सहज जमते. निकाल लांब स्ट्रिंग असेल तर अडचण येते. ती करण्याच्या टप्प्यात तयार झाली, तर देण्याच्या टप्प्यापर्यंत तिला सांभाळणार कोण? तिथे क्रम उलटा करायचा. घेण्याच्या टप्प्यातच एक रिकामी यूजरडेटा बनवून तिला आवराआवर करणारे मेटाटेबल लावून ठेवायचे आणि स्ट्रिंग तिच्या पोटात भरायची. उडी गेली तरी लुआचा गार्बेज कलेक्टर तिला नंतर मोकळे करतो. लुआची स्वतःची आयओ लायब्ररी फाइल उघडताना हेच करते. आधी 'बंद' अवस्थेतले हँडल बनते, मग फाइल उघडली जाते. उलट केले असते तर उघडलेली फाइल हातात आणि हँडलला मेमरी नाही, अशी वेळ आली असती. लुआ बसवणाऱ्याने तो सोर्स एकदा तरी वाचावा. फार मोठा नाही. कलेक्टर येईपर्यंत थांबणे परवडत नसेल, उदाहरणार्थ डेटाबेसचे कनेक्शन, तर ५.४ मध्ये लुआ_टूक्लोज आहे. तिने नोंदवलेली वस्तू फंक्शनमधून बाहेर पडताना, चुकीने असो की सरळ, लगेच बंद होते.

'मग लुआच सी++ म्हणून कंपाइल करावी, म्हणजे लॉंगजम्पऐवजी खरे एक्सेप्शन फेकले जाईल आणि डिस्ट्रक्टर चालतील' हा सल्ला तुम्हाला मिळेलच. तो चुकीचा नाही. बिल्ड तुमच्या हातात असेल तर मीही तसेच करतो. पण त्याने पथ्य सुटत नाही. लुआ जे फेकते ते स्टडएक्सेप्शनचे अपत्य नसते, त्यामुळे तुमच्या फंक्शनमधला तीन ठिपक्यांचा कॅच लुआची स्वतःची एरर गिळू शकतो, आणि लुआची आतली नोंद व तुमचा स्टॅक यांची फारकत होते. उलट तुमचे एक्सेप्शन लुआपर्यंत पोचले तर पीकॉल ते पकडते खरी, पण त्यातला मजकूर हरवतो आणि हाती फक्त उणे एक असे स्टेटस लागते. वर सांगितलेले तीन टप्पे पाळले तर दोन्ही बिल्डमध्ये कोड सारखाच सुरक्षित राहतो. उद्या कोणी सिस्टिमवरची सी मध्ये बनलेली लायब्ररी जोडली तरीही.

आता संदेशाविषयी. पीकॉलचे शेवटचे आर्ग्युमेंट म्हणजे संदेश हाताळणाऱ्या फंक्शनची स्टॅकवरची जागा. तिथे शून्य देणे म्हणजे पुराव्यावर पाणी सोडणे. हे फंक्शन चूक जिथे झाली तिथेच, स्टॅक मोडण्याआधी चालते, म्हणून लुआएल_ट्रेसबॅक (कोणी कोणाला बोलावले त्याची साखळी) तिथेच घ्यायचा. पीकॉल परत आल्यावर तो मिळत नाही. मात्र हे फंक्शन लिहिताना एक गृहीतक बाजूला ठेवा: एरर म्हणजे स्ट्रिंगच असे नसते. स्क्रिप्टवाला एररला टेबल देऊ शकतो, निलही देऊ शकतो. अशा वेळी लुआ_टूस्ट्रिंग नल (रिकामा पॉइंटर) परत करते. तो नल तुम्ही स्टडस्ट्रिंगच्या कन्स्ट्रक्टरला दिलात की चूक हाताळणारा कोडच प्रोग्रॅम पाडतो. आधी प्रकार तपासा. स्ट्रिंग असेल तर ट्रेसबॅक जोडा, नसेल तर 'एरर म्हणून अमुक प्रकारची वस्तू आली' एवढे लिहा. टूस्ट्रिंग मेटामेथड बोलावण्याचा उत्साह जपून; तीही स्क्रिप्टवाल्याचीच असते आणि तीही एरर देऊ शकते. हँडलरमध्येच चूक झाली तर लुआ_एररएरर हे वेगळे स्टेटस येते, आणि मूळ चूक काय होती ते कायमचे जाते. मेमरी संपल्याच्या चुकीला तर हा हँडलर बोलावलाच जात नाही, तेव्हा ट्रेसबॅक नाही म्हणून गोंधळून जाऊ नका.

मराठी नियमांची नावे वापरणाऱ्यांसाठी एक खास खड्डा. स्क्रिप्ट लोड करताना दिलेले चंकचे (लोड होणाऱ्या कोडच्या तुकड्याचे) नाव लुआ एरर संदेशात दाखवते, पण त्याला जागा असते ६० बाइटांची, शेवटच्या शून्यासकट. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटी धरून, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. 'दिवाळी सवलत - घाऊक ग्राहक' एवढ्या नावाची चिन्हेच ६० बाइट होतात, मधल्या मोकळ्या जागा वेगळ्या. लुआ बाइट मोजून कापते, अक्षर मोजून नाही. त्यामुळे संदेशाच्या मध्यावर अर्धे चिन्ह उरते, आणि तो संदेश जेसनमध्ये घालताना तुमची लायब्ररी यूटीएफ-८ अवैध म्हणून एक्सेप्शन फेकते. म्हणजे चूक नोंदवताना दुसरी चूक. चंकला बरोबरच्या चिन्हापुढे (=) साधा इंग्रजी अंकांतला क्रमांक द्या आणि त्या क्रमांकावरून नियमाचे नाव बाहेर, होस्टमध्ये शोधा. वरचा २५६ बाइटांचा ॲरेसुद्धा असाच कापतो, तिथेही शेवटचे अर्धवट चिन्ह छाटायची सोय ठेवा.

मर्यादा घालण्याचे काम स्वतःच चुका जन्माला घालते, म्हणून त्यावर जरा थांबतो. मेमरीची मर्यादा स्टेट बनवताना दिलेल्या ॲलोकेटरमध्ये (लुआला मेमरी देणाऱ्या फंक्शनमध्ये) घालायची: नवा आकार वजा जुना आकार असा चालू हिशेब ठेवायचा आणि मर्यादा ओलांडली की नल परत करायचा. यात एक सापळा आहे. ५.२ पासून, पॉइंटर नल असताना 'जुना आकार' या आर्ग्युमेंटमध्ये आकार नसतोच. कोणत्या प्रकारची वस्तू बनते आहे त्याचा संकेतांक असतो. तो आकार समजून वजा केलात तर प्रत्येक नव्या वस्तूमागे काही बाइट कमी मोजले जातात. हिशेब हळूहळू घसरतो, आणि काही तासांनी एकूण आकडा शून्याखाली जातो. चिन्हविरहित पूर्णांकात ठेवला असेल तर एकदम अब्जावधींवर, आणि मग प्रत्येक स्क्रिप्टला 'मेमरी संपली'. पॉइंटर नल असेल तर जुना आकार शून्य धरा. दुसरे म्हणजे, मोकळे करण्याची किंवा लहान करण्याची मागणी कधीही नाकारू नका, मर्यादा ओलांडलेली असली तरी.

वेळेची मर्यादा लुआ_सेटहुकने घालतात. दर ठरावीक सूचनांनंतर तुमचे फंक्शन (हुक) चालते, त्यात घड्याळ पाहायचे आणि वेळ संपली असेल तर एरर द्यायची. पण ती एरर स्क्रिप्टमधला पीकॉलही झेलू शकतो. अनंत फेऱ्यांच्या आत पीकॉल आणि त्याच्या आत पुन्हा अनंत फेऱ्या अशी स्क्रिप्ट तुमची एरर गिळून पुढे चालू. रेडिस या डेटाबेसने हा प्रश्न कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. तिथे २.६ या आवृत्तीपासून लुआ आहे. हुक दर १,००,००० सूचनांनी चालतो, आणि स्क्रिप्ट मारायची ठरली की तोच हुक प्रत्येक ओळीला चालेल असा बदलला जातो. पीकॉलने एक एरर झेलली की पुढच्याच ओळीला दुसरी, असे होत होत स्क्रिप्ट बाहेर पडतेच. तुम्हीही हेच करा.

हुकचेही हात सगळीकडे पोचत नाहीत. स्ट्रिंग लायब्ररी सी मध्ये आहे. बेरकी पॅटर्न देऊन तिला बराच वेळ अडकवता येते आणि तेवढ्या वेळात हुक चालत नाही. लुआजिट (लुआची थेट यंत्रकोड बनवणारी आवृत्ती) वापरत असाल तर कंपाइल झालेल्या यंत्रकोडमध्ये हुक मुळात तपासलाच जात नाही, ती तपासणी बिल्ड करताना वेगळी चालू करावी लागते. आणि हुक प्रत्येक कोरूटीनचा (थांबवून पुन्हा चालू करता येणाऱ्या लुआच्या धाग्याचा) वेगळा असतो. नवे कोरूटीन बनवणाऱ्याचा हुक वारशाने घेते, पण आधीपासून अस्तित्वात असलेल्यांना तो मिळत नाही. तेव्हा स्क्रिप्ट लोड करण्याआधीच हुक लावा. ज्यांची स्क्रिप्ट खरोखरच अविश्वासाची आहे त्यांनी वेगळी प्रोसेस करून ती ऑपरेटिंग सिस्टिमकडून मारावी, हे माझे मत. बिलिंगच्या नियमांसाठी एवढे करायची गरज दिसत नाही.

चूक झेलल्यावर पुढे काय, याचा विचार फार कमी जण करतात. पीकॉल परत आली म्हणजे लुआची स्टेट शाबूत आहे, एवढेच. नियमाने आठ ओळींपैकी पाच ओळींना सवलत लावली आणि सहाव्याला चुकला, तर त्या पाच ओळी कोण पूर्ववत करणार? रेडिसमध्येसुद्धा स्क्रिप्ट मध्येच चुकली तर आधी झालेले बदल तसेच राहतात, आणि एकदा लिहायला सुरुवात केलेली स्क्रिप्ट साध्या हुकमाने मारता येत नाही, ती याचसाठी. तुमच्या बाबतीत सोपा मार्ग आहे. नियमाला बिलात हात घालू देऊच नका. त्याला बिलाची प्रत द्या, आणि 'या ओळीला इतकी सवलत' अशी यादी परत मागा. नियम व्यवस्थित संपला, यादी तपासून झाली, की मगच होस्टने ती लावावी. चुकला तर यादी फेकून द्यायची. इतर सगळे उपाय राहिले तरी एवढे कराच. ग्राहकाला चुकीचे बिल जाण्यापेक्षा प्रोग्रॅम पडलेला परवडला.

काही दारे मुळातच बंद करायची. स्क्रिप्ट लोड करताना मोड फक्त मजकुराचा ठेवा, बाइटकोड (आधीच कंपाइल केलेला लुआ कोड) स्वीकारू नका, कारण ५.२ मध्ये बाइटकोड तपासणारा भाग काढून टाकला गेला, आणि मुद्दाम बिघडवलेला बाइटकोड इंटरप्रिटरच पाडू शकतो. त्याला कोणताही पीकॉल वाचवत नाही. ओएस लायब्ररीतले एक्झिट प्रोसेस संपवते, चूक म्हणून नाही, आज्ञा म्हणून. तेव्हा सगळ्या लायब्ररी एकदम उघडण्याऐवजी लागतील त्याच उघडा. डीबग आणि पॅकेज तर नकोच. २०२२ मध्ये उघडकीस आलेली डेबियनमधल्या रेडिसची सुरक्षेची त्रुटी नेमकी अशीच होती. लुआ वेगळी लायब्ररी म्हणून जोडताना 'पॅकेज' हे नाव स्क्रिप्टच्या हाती राहून गेले होते, आणि तेवढ्यावरून सँडबॉक्सबाहेर (स्क्रिप्टला घातलेल्या कुंपणाबाहेर) जाता येत होते.

उद्या लुआऐवजी पायथन बसवायचे ठरले तर यातले बरेच बदलेल. पायथनचे सी एपीआय उडी मारत नाही. ते नल परत करते आणि चुकीची खूण बाजूला ठेवते, त्यामुळे डिस्ट्रक्टरची भीती नाही, पण प्रत्येक कॉलनंतर नल तपासायचा कंटाळा करून चालत नाही. एक न तपासलेला नल बऱ्याच पुढे जाऊन फुटतो. आणि चूक छापण्यासाठी पायएर_प्रिंट वापरलेत तर लक्षात ठेवा: स्क्रिप्टने सिस-एक्झिट केले असेल तर ते फंक्शन ट्रेसबॅक छापत नाही, तुमची प्रोसेसच संपवते.

हे सगळे केल्यावर ते खरोखर टिकते का, हे तपासायची एक यांत्रिक रीत आहे. ॲलोकेटर तुमचाच आहे, तेव्हा त्यात एक मोजणी घाला: अमुकाव्या मागणीपासून पुढे वाढीव मेमरीच्या प्रत्येक मागणीला मुद्दाम नल द्यायचा. एकाच मागणीला नकार देऊन भागत नाही, कारण नकार मिळाला की लुआ कचरा गोळा करून तीच मागणी पुन्हा करते. नाक्यातून एक नेहमीचा नियम चालवा, पहिल्या मागणीपासून नकार देऊन. मग दुसऱ्यापासून, मग तिसऱ्यापासून, असे एकही नकार न लागता नियम पूर्ण होईपर्यंत. मधली प्रत्येक फेरी लुआ_एररमेम या स्टेटसने परतली पाहिजे, स्टॅकची उंची आधीइतकीच हवी, सगळे म्युटेक्स सुटलेले हवेत आणि बिल अस्पर्श हवे. हे ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारे साधन) चालू ठेवून करा. साध्या नियमाला काही शे फेऱ्या लागतात आणि सगळे काही सेकंदांत होते. बिनसंरक्षणाची एखादी पुशस्ट्रिंग कुठे राहिली असेल तर कोणत्या तरी फेरीत तोच पॅनिकचा संदेश छापला जाईल. फरक इतकाच की या वेळी डीबगर जोडलेला असेल आणि अबॉर्टच्या वेळचा कॉल स्टॅक तुम्हाला ती ओळ दाखवेल.